पडलेला दात दुधात ठेवा

मूल सायकलवरून तोंडावर आपटते, समोरचा दात मुळासकट निघतो आणि घरात एकच गोंधळ उडतो. ओठ फुटलेला असल्याने सगळे रक्ताकडे धावतात. दात अंगणातच पडून राहतो, किंवा कुणीतरी तो चांगला घासून-पुसून कागदात बांधते. इथेच घात होतो.

दाताच्या मुळावर एक पातळ पडदा असतो. त्यातल्या पेशी जिवंत असल्या तर दात पुन्हा रुजू शकतो. कोरडा राहिला तर त्या तासाभरात मरतात. म्हणून दात शोधा. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधाने किंवा नळाखाली क्षणभर धुवा, घासू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात तिथेच खाचेत सरळ बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. हिंमत होत नसेल तर थंड दुधाच्या पेल्यात टाका आणि तडक दंतवैद्य गाठा. दूध नसेल तर दात मुलाच्याच थुंकीत ठेवा. साध्या पाण्यात नको. मात्र मूल बेशुद्ध झाले किंवा उलट्या करू लागले तर आधी रुग्णालय.

हे फक्त कायमच्या दाताचे. दुधाचा दात परत बसवू नये, खाली वाढणाऱ्या दाताला इजा होते. समोरचे कायमचे दात साधारण ६ ते ८ व्या वर्षी येतात.

दाढदुखीची गोष्ट वेगळी. लवंगेच्या तेलाचा बोळा घटकाभर आराम देतो, तेवढेच. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून ठेवल्याने मात्र हिरडी भाजते. ठणका आपोआप थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नाही. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचत राहतो. गाल किंवा हनुवटीखाली सूज, सोबत ताप, तोंड उघडेना, घास गिळवेना, श्वास अडकू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठे रुग्णालय गाठा.

किडलेली दाढ रमजानच्या आधीच दाखवून घेतलेली बरी. ‘ईदनंतर बघू’ म्हणेपर्यंत कीड नसेपर्यंत पोहोचते. आणि हो, बाटलीचे झाकण दातांनी उघडणाऱ्या घरातल्या पहिलवानांच्या हाती आजच एक ओपनर द्या.