कानाचं मशीन घेण्याआधी कान डॉक्टरला दाखवा



आज भाव किंवा जाळ्यांच्या सबसिडीबद्दल नाही, कानाबद्दल लिहितोय. कारण लिलावातच घडलं. आपल्या एका जुन्या सभासदाला व्यापारी 'सित्तेर' म्हणाला. काकांनी ऐकलं 'सित्योतेर'. माल उतरवून झाल्यावर किलोमागे सात रुपयांवरून भांडण लागलं. काका खोटं बोलत नव्हते आणि व्यापारीही नव्हता. काकांना नीट ऐकूच आलं नव्हतं.

नंतर कळलं की काकांकडे मशीन होतं. घरी आलेल्या एका विक्रेत्याकडून सहा हजाराला घेतलेलं. कानाची तपासणी काहीच नाही, फक्त 'ऐकू येतं का?' असं विचारून कानात बसवून दिलं. चार दिवस शिट्ट्या वाजल्या, डोकं दुखलं, मग ते कपाटात गेलं. आम्ही त्यांना कान-नाक-घसा डॉक्टरकडे घेऊन गेलो. दोन्ही कानांत मळ दगडासारखा बसलेला. तो काढल्यावर दिसलं की डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे.

आता हे नीट समजून घ्या. कमी ऐकू येणं म्हणजे एकच आजार नाही. मळ, वाहणारा कान, फाटलेला पडदा, आतली छोटी हाडं घट्ट होणं, यात आवाज आत पोचतच नाही. यातलं बरंचसं औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतं. दुसरा प्रकार आतल्या नसेचा. वयाने आणि आवाजाने ती झिजते आणि परत येत नाही. तिथे मशीनच उपयोगी. कोणता प्रकार आहे हे विक्रेत्याला बाहेरून कळत नाही. डॉक्टर दुर्बिणीने पडदा बघतो, चिमटा वाजवून बघतो, मग तपासणीला पाठवतो. शिवाय मशीनसाठी कानाचा साचा घेताना कानात पातळ मसाला भरतात. पडद्याला भोक असेल तर तो मधल्या कानात जाऊ शकतो. म्हणून पहिलं पाऊल डॉक्टरचं.

दुसरं पाऊल ऑडिओलॉजिस्टचं. हा डॉक्टर नव्हे, पण ऐकण्याच्या मोजणीचा शिकलेला माणूस. 1992 च्या कायद्याने झालेल्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलमध्ये त्याची नोंदणी असावी लागते, ती विचारायला लाजू नका. बंद खोलीत बसवून हेडफोनमधून बारीक-जाड आवाज ऐकवतात, मग कानामागच्या हाडावर यंत्र ठेवून परत ऐकवतात. त्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. त्या आलेखाप्रमाणे मशीन सेट करायचं असतं. ज्या आवाजाला कान कमी पडतो तोच वाढवायचा, सगळाच नाही. काकांच्या मशीनने सगळंच वाढवलं होतं, म्हणून भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा आणि बोलणं तसंच अस्पष्ट.

आपल्या लोकांचं हेच होतं. डिंडोलीतले कितीतरी जण खानदेशातून आलेले. मासळीबरोबर पांडेसरा, लिंबायत, उधना इकडे लूमवर पाळ्या केलेल्या. लूमच्या खात्यात आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. आठ तासांसाठी 85 ही सुरक्षित हद्द धरतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. होडीचं डिझेल इंजिन वेगळंच. अशा कानाचे आधी बारीक आवाज जातात. 'स', 'श', 'फ' ऐकू येत नाहीत, 'साठ'चं 'आठ' होतं. म्हणून माणूस म्हणतो, 'ऐकू येतं रे, पण समजत नाही.' घरचे म्हणतात लक्ष देत नाही. (आम्हीही आमच्या वडिलांना असंच म्हणत होतो.)

मशीन मिळाल्यावर काम संपत नाही. पंधरा दिवसांनी, महिन्याने परत जाऊन सेटिंग बदलून घ्यावं लागतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला घरात दोन-तीन तास वापरा, बाजारात नंतर. पाण्यात उतरताना आणि जाळं धुताना काढून कोरड्या डबीत ठेवा. ओल आणि घाम मशीनचा जीव घेतात. कानात गरम तेल तर घालूच नका, पडदा फाटलेला असेल तर नाहीच नाही.

आणखी एक. एखाद्या दिवशी अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. औषधाचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो. एकाच कानाने हळूहळू कमी होत असेल, चक्कर येत असेल, कान वाहत असेल, तरी आधी डॉक्टर.

पैशाचं बोलायचं तर मजुरा गेटचं नवीन सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र 40 टक्के किंवा वर असेल तर केंद्राच्या एडिप योजनेत मशीन मिळू शकतं, उत्पन्नाची अट आहे. गरिबी रेषेखालच्या 60 वर्षांवरच्यांसाठी 2017 पासून वयोश्री योजना आहे. प्रमाणपत्रासाठीही आधी डॉक्टरची तपासणीच लागते.

ज्यांना जायचंय त्यांनी ऑफिसात नाव सांगून ठेवा, दोघं-तिघं मिळून जाऊ. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट सोबत ठेवा. कपाटात पडलेलं मशीन असेल तर तेही आणा, कदाचित सेट होईल. काकांचं काही झालं नाही, पण उजव्या कानासाठी नवीन तपासणी झाली आहे आणि डाव्याचं ऑपरेशन करायचं की नाही ते पुढच्या तारखेला ठरेल.