उसाच्या सपाटीवरचं चाग्वानास

त्रिनिदाद म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं, मग कॅलिप्सो. बेटाच्या मध्यभागातल्या चाग्वानासचं नाव सहसा कुणी घेत नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेला असलेलं हे गजबजलेलं बाजारगाव कॅरोनीच्या मैदानात वसलंय. उत्तरेला ९४० मीटरपर्यंत चढत गेलेली डोंगररांग, दक्षिणेला बुटक्या टेकड्या, पश्चिमेला पारियाचं आखात आणि त्यापलीकडे व्हेनेझुएला. मधली जमीन सपाट नि चिकणमातीची. तिथे ऊस आला आणि उसापाठोपाठ आपली माणसं आली.

पहिलं जहाज, ‘फातेल रझाक’, ३० मे १८४५ रोजी लागलं. १९१७ मध्ये गिरमिट, म्हणजे कराराने मजूर नेण्याची पद्धत, बंद होईपर्यंत लाखाहून जास्त मजूर उतरले, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातले. करार संपल्यावर काहींनी जमिनीचे तुकडे घेतले, दुकानं थाटली. गिरमिटावर आलेल्या कपिलदेव पंडितांनी तर १९२६ मध्ये चाग्वानासच्या मुख्य रस्त्यावर दर्शनी भागात सिंह बसवलेला दांडगा वाडाच उठवला. हे ‘लायन हाऊस’. पंडितांचे नातू व्ही. एस. नायपॉल यांनी ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’मध्ये त्याला ‘हनुमान हाऊस’ केलं. स्वतःच्या घरासाठी जन्मभर धडपडणाऱ्या माणसाची ही कादंबरी याच मुलखात घडावी, यात मला नवल वाटत नाही. इथली सगळी मोठी जमीन साखर कंपन्यांच्या ताब्यात होती.

चाग्वानासजवळच्या वॉटर्लू गावच्या सिवदास साधूने तर हे भोगलंच. उसात राबणाऱ्या या माणसाने १९४७ मध्ये किनाऱ्यावर छोटं देऊळ बांधलं. जागा निघाली कंपनीची. तो हटेना, म्हणून चौदा दिवसांची कैद झाली आणि शेवटी देऊळ पाडलं गेलं. मग साधू भराव घालून देऊळ बांधायला समुद्रात शिरला. तिथे कंपनीचा सातबारा चालत नव्हता! ओहोटीला आखाताचा चिखल उघडा पडतो. साधू सायकलवरून दगड, वाळू, सिमेंट वाहून आणायचा, बादल्यांनी आत नेऊन ओतायचा आणि भरती यायच्या आत परतायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. लोकांनी आधी वेड्यात काढलं, ते ओघानं आलंच. आजचं देऊळ १९९० च्या दशकातलं, पण भरावाची कल्पना त्याचीच. शेजारी किनाऱ्यावरच स्मशानघाट आहे.

जवळच्या कॅरापिचायमात ८५ फुटी मारुती उभा आहे, तोही दत्तमंदिराच्या आवारात. गाणगापूर-नरसोबावाडीच्या भक्तांचे कान टवकारतील. पण ही शाखा म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींची आणि मंदिर द्राविडी धाटणीचं. गिरमिटियांच्या गाठोड्यातून आलेलं हे दैवत नव्हे. मारुतीची मूर्ती २००३ ची. त्याच वर्षी सरकारी साखर कंपनीने गाशा गुंडाळला. आता मैदानात ऊस नाही. दक्षिणेला पॉइंट लिसासमध्ये नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनतं.

चाग्वानासच्या उत्तरेला कॅरोनीची खारफुटी लागते. तिन्हीसांजेला लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे तिथे रात्रीच्या वस्तीला येतात. पिल्लं मात्र करडी-तपकिरी असतात. कोळंबी-खेकड्यांच्या खाण्यातून त्यांना पुढे लाल रंग चढतो. हा देशाचा राष्ट्रीय पक्षी. पर्यटक या पक्ष्यांसाठीच येतात, आणि गाव न बघता परततात.

त्यांनी दिवाळीत यावं. १९६६ पासून देशात दिवाळीची सार्वजनिक सुट्टी आहे. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘दिवाळी नगर’ हा मेळा चाग्वानासच्या वेशीवरच, हमरस्त्यालगत भरतो. गावाजवळच्या चेस व्हिलेजचे कुंभार इथल्याच मातीच्या पणत्या घडवतात; तिकडे त्यांना ‘दिया’ म्हणतात. त्या नुसत्या उंबऱ्यावर ठेवत नाहीत. ओला बांबू चिरून, वाकवून त्याच्या कमानी आणि नक्ष्या उभारतात आणि त्यांवर पणत्यांच्या ओळी लावतात. कुणाची कमान मोठी, यावरून गल्लीगल्लीत चुरस असते.