खोटा चालेल, परका नको

२९ जून १६१३. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात शेक्सपिअरचं ‘आठवा हेन्री’ चालू होतं. राजाच्या आगमनाला सलामी म्हणून खरी तोफ उडवली, ठिणगी गवती छपरात गेली आणि अख्खं नाट्यगृह जळून खाक झालं. गंमत म्हणजे तेव्हा त्या नाटकाची जाहिरात ‘सारं काही खरं’ अशा अर्थाच्या नावाने झाली होती.

वास्तविक रंगमंचावर आवाज खरा असावा लागतच नाही. ब्रिस्टलला १७६६ साली उघडलेल्या नाट्यगृहात छताच्या पोटात उतरते लाकडी पन्हळ बसवले आहेत. त्यांतून जड गोळे सोडले की प्रेक्षकांच्या डोक्यावर मेघ गडगडतात. त्याच वर्षी बांधलेल्या स्वीडनच्या ड्रॉटनिंगहोम नाट्यगृहात वाऱ्याचं यंत्र आहे. लाकडी पट्ट्यांचं पिंप जाड कापडाखाली फिरवायचं. वेग वाढला की वारा घोंघावतो. आपल्याकडे नाट्यशास्त्र सांगतं, की कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पडणाऱ्या सरींचा नाद ऐकून स्वाती मुनींनी पुष्कर ही चर्मवाद्यं घडवली.

हौशी संघाला एवढा खटाटोप नको. दोन करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो. चाळणीत मोहरी फिरवली की पाऊस पडतो. लांब पातळ पत्रा टांगून खालून हलवला की ढग गरजतात. भेटवस्तूवरचा चुरचुरीत पारदर्शक कागद माईकजवळ चुरगळला की जाळ धडधडतो. यातलं काहीच खरं नाही, तरी प्रेक्षक फसतो. नव्हे, फसायला राजी असतो.

अडचण येते ती तयार, अगदी अस्सल ध्वनिमुद्रणांची. बीबीसीने २०१८ मध्ये सोळा हजारांहून अधिक ध्वनी इंटरनेटवर खुले केले. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेल्या फ्रीसाउंडवरही जगभरचे आवाज मिळतात. पहिली अट परवान्याची: बीबीसीचे ध्वनी वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरते मोकळे आहेत, फ्रीसाउंडवर प्रत्येक आवाजाची अट निराळी. तिकीट लावून प्रयोग करायचा तर आधी वाचून घ्यावं.

दुसरी अट कानाची. अमेरिकेतला जुना फोन दोन सेकंद सलग वाजतो आणि चार सेकंद गप्प बसतो. आपला दोन-दोनदा ट्रिंग-ट्रिंग करायचा. कोकणातल्या वाड्यात विलायती पाखरू किलबिललं, तर त्याचं नाव माहीत नसलेल्यालाही काहीतरी खटकतं. पावशा ओरडला की पेरणी तोंडावर आलेली असते, बेडकांनी सूर धरला की पाऊस पडून गेलेला असतो. मुंबईचं जुनं घर दाखवताना आजच्या लोकलचा आवाज चालत नाही. तेव्हाच्या डीसी विजेवरच्या गाड्याच आता धावत नाहीत.

म्हणून जमेल तेवढं आपणच टिपावं. मोबाइल चालतो, फक्त आवाजाच्या जवळ जावं, माईकला वारा लागू देऊ नये आणि पाच मिनिटं सलग मुद्रण करावं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरवत ठेवला तर तोच कावळा ठरल्या वेळी परत ओरडतो आणि प्रेक्षक नाटक सोडून त्याची वाट बघू लागतो.

मग प्रश्न जागेचा. टेबलावरचा फोन सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून वाजला, तर नट एकीकडे धावतो आणि घंटी भलतीकडे वाजते. टेबलामागे छोटा स्पीकर लपवणं बरं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे वीज चमकल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट झाला तर ती किलोमीटरभर लांब पडली. वादळ जवळ आणायचं असेल, तर आवाज वाढवण्याआधी प्रकाश आणि गडगडाट यांतला वेळ कमी करावा.

शेवटची परीक्षा सोपी आहे. संहिता न वाचलेल्या कुणाला तरी नुसते आवाज ऐकवावेत आणि विचारावं: गाव कुठलं, महिना कुठला, साल साधारण कुठलं? तिन्ही उत्तरं बरोबर आली, तर करवंट्या वाजवल्या की खरा घोडा आणला, हे कुणी विचारणार नाही.