उडी मारली की खेळ थांबतो

जालना जिल्ह्यात, अंतरवाली सराटीत मावसभावाकडे माळ्यावरच्या पेटीतून त्याचा शाळेतला टीव्ही गेम निघाला. जुना संच अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवायचा, ते नव्या टीव्हीला जुळेना. म्हणून संच उघडून त्यात एव्हीच्या पिना बसवून घेतल्या. चित्र सुरेख आलं, पण पहिल्या रिमोटवरून मारिओ उडी मारेना. उडीचं बटण दाबलं की खेळच थांबायचा, पुन्हा दाबलं की सुरू व्हायचा. बाकीची बटणं मुकी.

"काका, नवीन रिमोटच मागवू का?" पुतण्याने विचारलं. मी म्हटलं, थांब. हा बिघाड आपला पत्ता स्वतःच सांगतोय.

आपल्या बाजारात आलेले बहुतेक टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. रिमोटची रचनाही तीच. बटणं आठ, पण वायरी पाचच: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. आठ बटणांची खबर एका डेटाच्या वायरीवरून कशी जाते? शाळेतल्या हजेरीसारखी. लॅचवर इशारा आला की रिमोटमधली चिप त्या क्षणी कोणती बटणं दाबलेली आहेत ते टिपून ठेवते. पहिल्या बटणाचं उत्तर लगेच डेटावर उभं राहतं. मग क्लॉकचा एकेक ठोका म्हणजे ‘पुढचा’. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, असा क्रम ठरलेला. मूळ रिमोटमध्ये हे काम ४०२१ नावाची चिप करते. स्वस्त नकलांत तिच्या जागी काळ्या डांबरासारखा ठिपका असतो. टीव्हीवरचं चित्र सेकंदाला पन्नासेक वेळा बदलतं, तितक्याच वेळा ही हजेरी होते.

आता क्लॉकची वायर तुटली असं समजा. ‘पुढचा’ ही हाक पोचतच नाही. डेटावर पहिलं उत्तर, म्हणजे ए, तसंच उभं राहतं आणि संच तेच आठ वेळा वाचतो. ए दाबलं की त्याला आठही बटणं दाबल्यासारखी वाटतात, त्यात स्टार्टही आलं. म्हणून उडी मारताच खेळ थांबतो. ए सोडून दुसरं काही दाबलं तर संचाला पत्ताच नसतो. डेटाची वायर तुटली तर सगळीच बटणं मुकी होतात. डेटा ग्राउंडला चिकटला तर हात न लावता सगळी दाबलेली दिसतात. पाच व्होल्ट किंवा ग्राउंड गेलं तर रिमोट गप्प बसतो किंवा भलतंच काही करतो.

रिमोट खोलण्याआधी मी संच बंद करून दोन्ही रिमोटची अदलाबदल केली. ही एक सवय लावून घ्यावी, अर्धी मेहनत वाचते. दोष रिमोटबरोबर दुसरीकडे गेला असता तर तो रिमोटात होता. इथे तो पहिल्या सॉकेटपाशीच राहिला. म्हणजे संचाच्या आत. सॉकेटपासून बोर्डापर्यंत केसासारख्या बारीक वायरी असतात. एव्हीसाठी बोर्ड उचलताना त्यातली एक झाळणीपाशी तुटली होती. मल्टिमीटर बीपवर ठेवून पाचही तपासल्या. चार वाजल्या, पाचवी गप्प. वायरींच्या रंगांवर मी विश्वास ठेवत नाही. प्रत्येक नकलेत ते वेगळे.

वायर झाळल्यावरही डावं बटण जोर दिल्याशिवाय चालेना. तो मात्र रिमोटचाच दोष. बटणाखाली रबर असतं, त्याच्या टोकाला काळी वीजवाहक टिकली आणि समोर बोर्डावर काळे पट्टे. मधे धूळ आणि घाम बसला की संपर्क तुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने दोन्ही हलकेच पुसले. पॉलिश पेपर अजिबात घासू नये. तो मळाबरोबर कार्बनचा थरही काढतो आणि मग ते बटण कायमचं जातं.

रिमोट बदलायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा. सेगाचा नऊ पिनांचा रिमोट या सॉकेटात अगदी नीट बसतो, पण त्याच्या पिनांची मांडणी निराळी आहे. तो लावू नये.

शेवटची परीक्षा कॉन्ट्रा या खेळावर घेतली. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रॅडियस या खेळात घातला, कॉन्ट्रात तो तीस जीव देतो. दोघांनी खेळायचं असेल तर पुढे सिलेक्ट आणि मग स्टार्ट, म्हणजे आठही बटणांची हजेरी एका दमात होते. काही कॅसेटींत तीस जीव आधीच भरलेले असतात, तिथे ही परीक्षा चालत नाही. आमची कॅसेट साधी होती. पुतण्याने मंत्र मारला, स्टार्ट दाबलं आणि दुसरा रिमोट बापाच्या हातात दिला.