अंगावर पडणारं दव

मोदकपात्राचं झाकण घाईत उघडलं आणि बोटांना वाफ लागली, तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. क्षणभराचाच स्पर्श, पण फोड येतो. आता 180 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये केकचं भांडं काढायला हात घालून बघा. भांड्याला बोट लागलं नाही, तर हाताला नुसती धग जाणवते. 100 अंशांची वाफ भाजते आणि 180 अंशांची हवा सोडून देते? हे कसं काय?

हे कोडं सुटलं की सध्या घराघरात शिरू लागलेल्या एका चैनीचं गुपितही सुटतं. पूर्वी स्टीम घ्यायला जिममध्ये किंवा मोठ्या हॉटेलात जावं लागे. आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या बाथरूमच्या कोपऱ्यातही छतापर्यंत बंद केलेलं काचेचं कपाट दिसतं. आत एक बाक, खाली पायाजवळ एक छोटं तोंड. बटण दाबलं की काही मिनिटांत आतला माणूस पांढऱ्या धुक्यात दिसेनासा होतो. या स्टीम शॉवरमध्ये घडतं तरी काय?

आधी मोदकांकडे परत जाऊ. एक ग्रॅम पाणी 0 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी उष्णता लागते. पाणी उकळू लागलं. आता त्याच पाण्याची वाफ करायला आणखी किती लागेल? थोडीशी? छे, तब्बल 540 कॅलरी! आणि एवढी उष्णता रिचवूनही तापमापी 100 वरून तसूभर हलत नाही. मग ती जाते कुठे? अठराव्या शतकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी हे ओळखलं, की ती वाफेच्या पोटात लपून बसते. शाळेच्या पुस्तकात आपण तिलाच अप्रकट उष्मा म्हणतो. वाफेचं पुन्हा पाणी झालं, की ही सगळी ठेव एका झटक्यात बाहेर पडते. झाकण उघडताना वाफेचं पाणी तुमच्या बोटावर झालं आणि ती ठेवही बोटावरच रिकामी झाली. कोरड्या हवेकडे द्यायला असं काही नसतं.

स्टीम शॉवरचं यंत्र म्हणजे ही ठेव पोचवणारा हरकारा. गीझरसारखी एक टाकी, तिच्यात विजेवर तापणारं एलिमेंट, उकळतं पाणी, आणि वाफ काचेच्या कपाटात नेणारी नळी. पाणी लागतं किती? 3 किलोवॉटचं एलिमेंट पंधरा मिनिटं चाललं, तर पाऊण युनिट वीज जाते आणि जेमतेम लिटरभर पाण्याची वाफ होते. बादलीभर अंघोळीपुढे लिटरभर म्हणजे एक मोठा तांब्या!

त्याहून नवल पुढेच आहे. आतली हवा साधारण 45 अंशांची आणि बाष्पाने काठोकाठ भरलेली असते. अशा एक घनमीटर हवेत बाष्प मावतं फक्त 65 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन घनमीटरच्या कपाटातलं सगळं बाष्प गोळा केलं, तर चहाचा एक कपही भरेल न भरेल. आणि जे पांढरं ढगासारखं दिसतं, ती वाफ नव्हेच. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. तिचे थंड होऊन झालेले बारीक थेंब दिसतात, डिसेंबरच्या पहाटेच्या धुक्यासारखे.

बाकीचं पाणी गेलं कुठे? काचेवर, भिंतींवर आणि तुमच्या अंगावर! फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं ना? स्टीममध्ये ती गार बाटली म्हणजे तुम्ही. हवा 45 अंशांची, त्वचा तिच्याहून थंड. मग बाष्प येऊन त्वचेवर पाणी होतं आणि जवळची उष्णता त्वचेच्या स्वाधीन करतं. अंगावरून ओघळणारे थेंब आपण घाम म्हणून पुसतो, पण त्यांत असं बाहेरून आलेलं दवही मिसळलेलं असतं.

घामही येतोच, फक्त त्याला वाळता येत नाही. फिनलंडमधल्या सौनात हवा 80 ते 100 अंशांची असते, तरी माणूस निवांत बसतो, कारण तिथली हवा कोरडी असते, घाम उडून जातो आणि जाताना अंग गार करतो. स्टीममध्ये हवेत जागाच नाही, घाम जाणार कुठे? म्हणूनच अवघ्या 45 अंशांत एवढा उकाडा होतो. शरीर मग दुसरा उपाय करतं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय जोरात धावू लागतं, चेहरा लाल होतो. आखडलेले स्नायू सैल पडतात, बाहेर आल्यावर हलकं वाटतं, ते याच धावपळीनंतर.

वाफेने घाम आणण्याची युक्ती आपल्याला मुळीच नवी नाही. चरकसंहितेत अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे 13 प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या नाडीस्वेदात औषधी काढ्याची वाफ नळीतून रुग्णाच्या अंगावर सोडतात. आणि ती नळी कशी हवी? दोन-तीन ठिकाणी वाकवलेली! म्हणजे वाफेचा जोर वळणांवर मोडेल आणि कातडी भाजणार नाही. वाफेच्या पोटातली ठेव मोजायला ब्लॅक यावे लागले, पण तिला माणसाळवायचं कसं हे चरकाच्या वैद्याला नेमकं ठाऊक होतं. आजच्या यंत्रातही वाफेचा झोत थेट अंगावर येऊ नये, याचीच काळजी घ्यावी लागते.

एक भ्रम मात्र वाफेबरोबर उडून जाऊ द्या. घामातून शरीरातली विषं निघून जात नाहीत. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. रक्त शुद्ध करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं अहोरात्र करतात. वजनकाट्यावर उतरलेलं वजनही दोन पेले पाण्याबरोबर परत येतं. स्टीमकडून मागावं ते विश्रांतीचं सुख, आणि ते ती भरभरून देते.

तेव्हा आत जाल तर दहा-पंधरा मिनिटांपुरतेच जा, आधी आणि नंतर पाणी प्या, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच दार उघडा. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बटणाला हात लावू नका. आणि आत बसलात, की दंडावर जमणाऱ्या थेंबांकडे मिनिटभर टक लावून बघा. थोड्या वेळापूर्वी ते टाकीत उकळत होते, मग अदृश्य झाले, आणि आता आपली सगळी ऊब तुमच्या हवाली करून पुन्हा पाणी झाले आहेत.