नाक तापवल्याशिवाय न हलणारा बुलडॉग

किल्ली नाही, बॅटरी नाही, स्पार्क प्लग नाही, सेल्फ स्टार्टर तर नाहीच. जर्मनीतल्या मानहाइम शहरातल्या हाइन्रिश लांट्स कंपनीने १९२१ साली जो ‘बुलडॉग’ बाजारात आणला, त्यात यातलं काहीच नव्हतं. होतं काय, तर एक भलंमोठं आडवं सिलिंडर आणि त्याच्या तोंडाशी बिडाचा पोकळ गोळा. समोरून पाहिलं की त्या गोळ्याचा चेहरा चपट्या नाकाच्या बुलडॉगसारखा दिसायचा, म्हणून हे नाव. आज असा एखादा ट्रॅक्टर कुठल्या गोठ्यामागे गंजून पडलेला सापडला, तर तो पुन्हा जिवंत करण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खपतात. का खपतात, ते त्याच्या खोड्या ऐकल्यावर कळेल.

स्टिअरिंग काढा आणि इंजिनात घाला

सकाळी ट्रॅक्टर सुरू करायचा तर आधी ब्लोलॅम्प पेटवायचा. तो त्या गोळ्याखाली ठेवून दहा-पंधरा मिनिटं निवांत बसायचं. गोळा चांगला तापला की हाताने पंप मारून थोडं इंधन आत सोडायचं. आता खरी गंमत. गाडीचं स्टिअरिंग दांड्यासकट उपसून काढायचं, ट्रॅक्टरच्या बाजूला यायचं, तोच दांडा फ्लायव्हीलच्या मध्यात खुपसायचा आणि फ्लायव्हील मागे-पुढे झुलवायचं. एक धक्का बसतो, धूर निघतो, इंजिन पकडतं. पकडलं की स्टिअरिंग पटकन बाहेर ओढून परत जागेवर बसवायचं. ओढायला उशीर झाला तर मनगटाची खैर नाही.

चोरांची मात्र पंचाईत. स्टिअरिंग काढून घरात नेलं की ट्रॅक्टर सुरूही होत नाही आणि वळतही नाही.

यातली अर्धी मेहनत वाचवायला लांट्सने १९५० च्या दशकात पेंड्युलम स्टार्टर आणला. तो इंजिनाला गरगर फिरवत नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे असं हेलकावत राहतो आणि दाब पुरेसा झाला की इंजिन पेट घेतं. ब्रिटिशांनी याच्या वरताण केली. याच पठडीतल्या त्यांच्या ‘फील्ड मार्शल’ ट्रॅक्टरमध्ये बंदुकीसारखं काडतूस भरायचं आणि वर हातोडीचा टोला हाणायचा. शेतात बार उडाला म्हणजे शिकारी आलेत की नांगरट सुरू झालीय, हे शेजाऱ्याने ओळखायचं!

एकच सिलिंडर, पण केवढं

पहिल्या एचएल मॉडेलचं एकुलतं एक सिलिंडर ६.२ लिटरचं होतं आणि ताकद १२ अश्वशक्ती. पुढच्या मोठ्या बुलडॉगमध्ये पिस्टनचा व्यास २२५ मिलिमीटर, त्याची धाव २६० मिलिमीटर आणि सिलिंडर १०.३ लिटरचं झालं. हिशेब करा: १०० सीसीच्या शंभराहून जास्त मोटारसायकलींची सिलिंडरं एकत्र केली तर हे एक भरतं. एवढ्या आकाराच्या मानाने ताकद फारच माफक, पण ती कमी वेगाला मिळते. एचएलचं इंजिन मिनिटाला सव्वाचारशे फेऱ्यांच्या आसपास फिरायचं. आजच्या मोटारसायकलचं इंजिन सिग्नलला उभं असतानाही याच्या दुपटीहून जास्त वेगाने पळत असतं.

टू-स्ट्रोक असल्याने प्रत्येक फेरीला एक ठोका. मंद चालवलं तर ठोके अक्षरशः मोजता येतात. गावातली डिझेलवर चालणारी जुनी पिठाची गिरणी ज्यांनी ऐकलीय, त्यांना हा आवाज वेगळा समजावून सांगायला नको.

पहिला बुलडॉग नांगर ओढण्यासाठी जन्मलाच नव्हता, हेही जाता जाता सांगायला हवं. लांट्स ही वाफेची फिरती इंजिनं आणि मळणी यंत्रं बनवणारी बडी कंपनी. मळणीवर वाफेच्या इंजिनाऐवजी काहीतरी सुटसुटीत हवं होतं. इंजिनिअर फ्रिट्झ हुबर यांनी ते तयार केलं, त्याला चाकं लावली आणि पट्ट्यावर मळणी चालवायला शेतात उभं केलं. शेतकऱ्यांनी त्याला मागून गाड्या जोडल्या. पुढचं आपोआप झालं.

रिव्हर्स गिअर कशाला?

पहिल्या एचएलला मागे जायचा गिअरच नव्हता. मागे जायचं असेल तर इंजिनाचा वेग इतका उतरवायचा की ते जवळजवळ बंद पडतं. नेमक्या त्या क्षणी इंधन दिलं की इंजिन उलट्या दिशेने फिरू लागतं. टू-स्ट्रोकला पुढे काय आणि मागे काय, दोन्ही सारखंच. पट्टीचा चालक हे सहज करायचा. नवख्याच्या हातून मात्र नको तेव्हा व्हायचं: इंजिन गुपचूप उलटं फिरू लागलेलं, गडी पुढचा गिअर टाकतोय आणि ट्रॅक्टर मागच्या भिंतीकडे निघालाय. पुढच्या मॉडेल्सना रिव्हर्स गिअर आला, पण उलटं फिरायची खोड काही गेली नाही. म्हणून जाणकार आजही गिअर टाकण्याआधी फ्लायव्हीलकडे एक नजर टाकतात.

खातो काय? जे मिळेल ते

या इंजिनाची कल्पना मुळात इंग्लंडमधल्या हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टची. १८९० च्या सुमाराला, म्हणजे रुडॉल्फ डिझेलचं इंजिन प्रत्यक्षात चालायच्या आधीच, त्याने पेटंट घेतलं होतं. डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबून तापवावी लागते. इथे तापलेला गोळाच निम्मं काम करतो, त्यामुळे दाब कमी लागतो, भाग ओबडधोबड असले तरी चालतात आणि इंधनाचे नखरे नसतात. कच्चं तेल, रॉकेल, वनस्पती तेल, नीट गाळलेलं जुनं इंजिन ऑइल, सगळं पचतं. पहिल्या महायुद्धानंतर कंगाल झालेल्या जर्मनीत बुलडॉग खपला तो यामुळेच. दोष एकच. फार वेळ रिकामा चालवला की गोळा गार पडू लागतो आणि इंजिन रुसतं. मग पुन्हा ब्लोलॅम्प.

पहिल्या मॉडेलला रेडिएटरही नव्हता. वरच्या टाकीतलं पाणी सरळ उकळायचं, वाफ आकाशात जायची आणि गडी बादलीने भर घालत राहायचा.

विमानवाल्यांचं ट्रॅक्टरप्रेम

बुलडॉगच्या नकला जगभर झाल्या. काही रीतसर परवान्याने, काही तशाच. पोलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ‘उर्सुस सी-४५’ निघाला. युद्धात कारखाने भुईसपाट झालेल्या देशाला असंच यंत्र परवडणारं होतं. ऑस्ट्रेलियात केली अँड लुइस कंपनीने ‘केएल बुलडॉग’ काढला. फ्रान्समध्ये ‘ल पर्शरॉन’ बनवला तो विमानं बनवणाऱ्या कंपनीने, आणि अर्जेंटिनात १९५० च्या दशकात कोर्दोबा शहरात ‘पाम्पा’ बनवला, तोही सरकारी विमान कारखान्याने! खुद्द लांट्स घराण्यालाही आकाशाची ओढ होतीच. कार्ल लांट्सने योहान शुट्टेबरोबर लाकडी सांगाड्याची प्रचंड हवाई जहाजं बांधली होती आणि पहिल्या महायुद्धात ती थेट झेपेलिनशी स्पर्धा करत होती. जमिनीवर मात्र त्यांचं यंत्र पहिल्याच वेगात रांगायचं. घराण्याचा हा समतोल मला आवडतो.

आता हात काळे करू

असा ट्रॅक्टर सापडला की पहिली अडचण बहुधा एकच: पिस्टन जाम. पावसाचं पाणी धुराड्यातून थेट सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. उतावळी माणसं तिथेच घण घालतात आणि दुर्मिळ पिस्टनचे तुकडे करून घेतात. तेल आणि डिझेल आत ओतून आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायचं, मग लाकडाचा ओंडका मध्ये धरून हलके ठोके द्यायचे, फ्लायव्हील इकडे-तिकडे झुलवून पाहायचं. या कामात कौशल्यापेक्षा संयमाचा खर्च जास्त.

दुसरी अडचण बर्फाची. जर्मनी-पोलंडच्या थंडीत कोणी रात्री पाणी काढायला विसरला की ते गोठतं, फुगतं आणि बिडाचं जाड कवच तडकतं. बिडाला साधं वेल्डिंग चालत नाही. गरम टाका आणि गार ओतकाम यांच्या ओढाताणीत टाक्याच्या शेजारीच नवी भेग पडते. दोन मार्ग उरतात: अख्खा भाग भट्टीत तापवून वेल्डिंग करायचं आणि हळूहळू गार होऊ द्यायचं, किंवा भेगेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून धातूच्या किल्ल्यांनी ती अक्षरशः शिवायची. शिवण चांगली बसली की रंगाखाली दिसतही नाही.

तिसरी अडचण आकाराची. २२५ मिलिमीटरचं सिलिंडर बोअर करायचं तर मोटारींचं गॅरेज हात वर करतं. तिथलं यंत्र त्यात बसतच नाही. जहाजांची किंवा रेल्वेची इंजिनं दुरुस्त करणारं वर्कशॉप गाठावं लागतं.

गंज काढायची मात्र एक स्वस्त युक्ती आहे आणि ती कुठल्याही जुन्या यंत्राला लागू पडते. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला. रात्रभरात गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. दोन पथ्यं पाळायची. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि काम उघड्यावर करायचं, कारण पिंपातून हायड्रोजन निघतो आणि त्याला ठिणगी पुरते. जुन्या क्लचच्या अस्तरात आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, जुन्या रंगात शिसं. कोरडं घासून त्याची धूळ नाकात घेणं हा शौर्याचा भाग नव्हे.

धुराडं उघडून साफ करायला बहुतेक जण विसरतात. टू-स्ट्रोकमधून न जळलेलं तेल तिथे जाऊन थापा धरतं. इंजिन झकास बांधून झालं, सगळे टाळ्या वाजवताहेत आणि पहिल्याच जोरकस चढाला धुराड्यातून पेटत्या काजळीची आतषबाजी!

रंगावरून भांडण

नवे मालक पहिल्याच उत्साहात चकचकीत रंग फासतात. कोणता? युद्धाआधीचे बुलडॉग करड्या छटेचे, चाकं लाल. युद्धानंतर अंग निळं झालं. अगदी शेवटच्या काही वर्षांत हिरवा-पिवळा. त्यामुळे चुकीच्या वर्षाचा रंग दिसला की मेळाव्यात म्हातारे मान हलवायला लागतात. माझं मत विचाराल तर जुना रंग निम्मा जरी टिकला असेल तरी त्याला हात लावू नये. नवा रंग कोणीही लावतो. ऐंशी वर्षांची ओरखड्यांची वही पुन्हा लिहिता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे सुधारणा. ब्लोलॅम्पचा कंटाळा येतो म्हणून आधुनिक प्लग बसवणं, मंद चालताना थरथरतो म्हणून तो दाबून टाकणं. अहो, तो थरथरतो म्हणून तर लोक पाहायला येतात! सिलिंडर आडवं असल्याने अवजड पिस्टन ट्रॅक्टरच्या लांबीतच मागे-पुढे पळतो आणि अख्खं धूड जागच्या जागी झुलत राहतं. हौशी लोक वेग मुद्दाम इतका उतरवतात की पुढची चाकं नाचायला लागतात.

दुर्मिळ कोणता?

सगळे बुलडॉग दुर्मिळ नाहीत. कारखान्यातून ते दोन लाखांहून जास्त निघाले, शौकीनही भरपूर, त्यामुळे जर्मनीत नवे हेड आणि पिस्टन आजही ओतून मिळतात. खरं सोनं म्हणजे १९२३ सालचा ‘अकर-बुलडॉग’. चारही चाकांना ओढ आणि कंबरेत सांधा, म्हणजे वळताना ट्रॅक्टर मधोमध वाकतो. काळाच्या इतका पुढे होता की बाजाराला पेलला नाही, म्हणून बनले मोजकेच. दुसरा ‘आइल-बुलडॉग’, रस्त्यावर माल ओढणारा, पुढे काच, मडगार्ड, कधी बंद केबिन असा थाटाचा. नकलांमध्ये ऑस्ट्रेलियन केएल हाती लागला तर सोडू नका.

मानहाइम ते सणसवाडी

१९५६ मध्ये अमेरिकेच्या जॉन डिअरने लांट्स विकत घेतली. शेवटच्या बुलडॉगांच्या अंगावर हिरवा-पिवळा चढला तो त्यामुळे. १९६० च्या आसपास उत्पादन थांबलं, कारखाना मात्र मानहाइममध्ये त्याच कंपनीच्या नावाने ट्रॅक्टर काढत राहिला. तोच हिरवा-पिवळा पुण्याजवळ शिरूर तालुक्यात सणसवाडीच्या कारखान्यातूनही बाहेर पडतो. आपल्या शेजारच्या शेतात उभा असेल तो. फक्त त्याचं स्टिअरिंग उपसून पाहू नका, वॉरंटीत बसत नाही.