पुरावा कोठे आहे?

आपण आजारी पडलो, की डॉक्टर औषध लिहून देतात. ते आपण दुकानातून आणतो आणि निर्धास्तपणे घेतो. हे औषध आपल्याला अपाय करणार नाही, असा आपला विश्वास असतो. त्या विश्वासामागे कायदे उभे असतात. अमेरिकेत असे कायदे कसे झाले, ते पाहू या.

१९३७ सालची गोष्ट. घसा आला, की तेथील डॉक्टर सल्फानिलमाइड नावाचे औषध देत. लहान मुलांना गोळ्या गिळता येत नसत. म्हणून एका कंपनीने त्याचे गोड, पातळ औषध तयार केले. त्याला रासबेरी या फळाचा स्वाद होता. कंपनीने औषधाचा रंग, वास आणि चव तपासली. पण ते विषारी तर नाही ना, हे तपासलेच नाही! ज्या द्रवात औषध विरघळवले होते, तोच विषारी होता. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत अनेक लहान मुले होती. सरकारी अधिकारी गावोगाव हिंडले. उरलेल्या बाटल्या त्यांनी शोधून काढल्या.

नवे औषध विकण्यापूर्वी तपासलेच पाहिजे, असा कायदा तेव्हा नव्हता. तो १९३८ साली झाला. औषध सुरक्षित आहे, हे कंपनीने आधी सरकारच्या औषध खात्याला दाखवायचे असे ठरले. मात्र खात्याने साठ दिवसांत हरकत घेतली नाही, तर औषध विकायला कंपनी मोकळी होई.

त्या घातक औषधाचा शोध घेणाऱ्यांत शिकागोच्या विद्यापीठातील एक विद्यार्थिनी होती. तिचे नाव फ्रान्सिस. पुढे त्या डॉ. फ्रान्सिस केल्सी म्हणून प्रसिद्ध झाल्या. १९६० साली त्या औषध खात्यात रुजू झाल्या. लवकरच त्यांच्या टेबलावर एका औषधाचा अर्ज आला. औषधाचे नाव होते थॅलिडोमाइड. शांत झोप लागावी म्हणून युरोपात लोक ते घेत होते.

केल्सीबाईंनी कागद बारकाईने वाचले. औषध सुरक्षित असल्याचा पुरावा त्यांना पुरेसा वाटला नाही. त्यांनी आणखी माहिती मागितली. कंपनीची माणसे वारंवार भेटू लागली. वरिष्ठांकडे तक्रारीही गेल्या. पण केल्सीबाई डगमगल्या नाहीत. दर वेळी मुदत संपण्याआधी त्या पुन्हा पुरावा मागत.

१९६१ च्या अखेरीस युरोपातून दुःखद बातमी आली. बाळ पोटात असताना ज्या मातांनी थॅलिडोमाइड घेतले होते, त्यांच्या हजारो बाळांचे हातपाय नीट वाढले नव्हते. अमेरिकेत काही डॉक्टरांना कंपनीने नमुन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यामुळे तेथेही थोड्या बाळांना इजा झाली. पण औषध दुकानांत आलेच नाही, म्हणून मोठे संकट टळले.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केल्सीबाईंचा गौरव केला. त्याच वर्षी कायदा अधिक कडक झाला. औषध सुरक्षित हवे आणि गुणकारीही हवे. खात्याने मंजुरी दिल्याशिवाय ते विकता येणार नाही, असे ठरले.

आपल्या देशातही औषधांसाठी १९४० सालचा कायदा आहे. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते, ती कायद्यामुळेच. मुलांनो, ती वाचायला शिका. मोठ्यांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नका. आणि शंका आली, तर केल्सीबाईंसारखे न घाबरता विचारा.